कल्पित गावे आणि जुनी नावे

कल्पित गावाला नाव देणे यासारखे सोपे काम लेखकाच्या वाट्याला दुसरे कोणते येत असेल, असे सामान्य वाचकास वाटणे अगदी साहजिक आहे. खऱ्या गावाचे नाव चुकले तर भूगोल जाणणारा हटकतो. ऐतिहासिक कादंबरीत एखाद्या किल्ल्याचे नाव काळाला सोडून आले तर इतिहासकार कान धरतो. अद्भुतकथेच्या लेखकास यांपैकी कोणाचेच भय नाही. कानाला गोड लागतील अशी चार अक्षरे जुळवावी आणि त्यांच्याखाली एक नगर वसवावे, की झाले! परंतु नेमक्या या सोप्या कामातच पुष्कळ अद्भुतकथा फसतात, असा आमचा अनुभव आहे. नगराचे तट, बुरूज, बाजार, राजवाडा यांची वर्णने पानेच्या पाने चालतात. पण नाव उच्चारले की ते कालच लेखकाच्या मेजावर जन्मले हे ऐकू येते. त्या गावात कोणी जन्मले नाही, कोणी मेले नाही, कोणी त्याचा उच्चार घाईत अर्धवट केला नाही, हे त्या नावाच्या कोऱ्या करकरीतपणावरूनच कळते.

ज्या एका ग्रंथकाराच्या नावांना हा दोष लागत नाही, तो म्हणजे जे. आर. आर. टोल्कीन. 'हॉबिट' (1937) आणि 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' (1954-55) ही त्याची पुस्तके आता आपल्याकडील सुशिक्षित घरांतून मुले आणि त्यांचे पालक दोघेही वाचतात. या कथांतील स्थलनामांचे मूळ मध्ययुगीन वाङ्मयात कोठे सापडते हे दाखविण्याचा उद्योग इंग्रजीत बराच झालेला आहे. त्यातील काही निवडक उदाहरणे आम्ही पुढे देणार आहोत. परंतु केवळ उगमांची यादी देऊन थांबावे असा आमचा हेतू नाही. जुने नाव घेतल्याने कल्पित गावास नेमके काय मिळते, आणि ते न मिळाल्यास काय उणे राहते, हा आमच्यापुढील खरा प्रश्न आहे.

टोल्कीन हा पेशाने आमच्याच जातीचा, म्हणजे प्राध्यापक. पहिल्या महायुद्धातून परतल्यावर 1919 आणि 1920 या वर्षांत त्याने ऑक्सफर्डच्या सुप्रसिद्ध इंग्रजी कोशाच्या कचेरीत शब्दांच्या व्युत्पत्ती लावण्याचे काम केले. पुढे 1925 पासून 1945 पर्यंत तो ऑक्सफर्ड येथे अँग्लो-सॅक्सन भाषेचा प्राध्यापक होता, आणि तदनंतर 1959 पर्यंत त्याच विद्यापीठात इंग्रजी भाषा-वाङ्मयाच्या दुसऱ्या अध्यासनावर. कथा आधी सुचली आणि मग तिच्यासाठी नावे शोधली, असे त्याच्या बाबतीत घडले नाही. आपल्याजवळ भाषा आधी होत्या, आणि त्या भाषांना नांदायला जग हवे म्हणून कथा रचल्या, असे त्याने स्वतःच पत्रांतून सांगितलेले आहे.

याचा पहिला दाखला त्याच्या विद्यार्थिदशेतला आहे. इंग्लंडातील एक्झिटर येथील प्रार्थनामंदिराच्या ग्रंथालयात दहाव्या शतकातील एक हस्तलिखित आहे. त्यातील ख्रिस्तविषयक काव्यात 'एआरेंडेल' नावाच्या तेजस्वी दूताला कवी हाक मारतो. लगेच पुढच्या ओळीत मनुष्यांच्या जगाला उद्देशून 'मिद्दनयार्द' हा शब्द येतो. पहिल्या शब्दाच्या नादाने तरुण टोल्कीन मोहित झाला, आणि 1914 च्या सप्टेंबरात त्या नावाच्या नाविकावर त्याने कविता लिहिली. त्याच्या सर्व पुराणरचनेचे बीज ते. दुसऱ्या शब्दातून त्याच्या जगाचे नाव आले. 'मिडल-अर्थ' हा त्याने काढलेला नवा शब्द आहे, अशी पुष्कळांची समजूत असते, ती चुकीची आहे. प्राचीन इंग्रजीतील 'मिद्दनयार्द', प्राचीन नॉर्समधील 'मिदगार्द' आणि मध्ययुगीन इंग्रजीत त्याचेच झालेले 'मिडल-अर्थ' हे रूप यांचा अर्थ एवढाच की समुद्रांनी वेढलेली, मनुष्यांनी वसविलेली मधली भूमी. म्हणजे ज्या शब्दास वाचक परीराज्याचे नाव समजतो, तो हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्याला आपल्या पायाखालच्या जमिनीचा साधा शब्द होता.

'मिर्कवुड' या अरण्याचे उदाहरण याहून बोधप्रद आहे. प्राचीन नॉर्स वीरकाव्यांत 'मिर्कविद्र', म्हणजे काळोखे वन, हे नाव वारंवार येते. हूण आणि गॉथ यांच्या जुन्या युद्धकथेत त्यांच्या राज्यांमधली सीमा म्हणून ते उभे आहे. अकराव्या शतकातील थीटमार या जर्मन बखरकाराने याच नावाचे एक रूप जर्मनी आणि बोहेमिया यांमधील डोंगराळ रानाला वापरलेले आहे. एकोणिसाव्या शतकात विल्यम मॉरिसने ते आपल्या 1889 च्या कादंबरीत इंग्रजी रूपाने आणले, आणि तेथून व मूळ काव्यांतून ते टोल्कीनकडे आले. हे नाव आपले नव्हे, प्राचीन आहे, हे तो मोकळेपणाने सांगत असे.

येथे कोणी म्हणेल, 'मग यात लेखकाचे कर्तृत्व ते काय? हा तर उसनवारीचा व्यवहार!' हा आक्षेप आम्हांस एकेकाळी फार अवघड वाटे. पदव्युत्तर वर्गास 'बेवुल्फ' शिकविताना जाता जाता टोल्कीनच्या नावांची मुळे फळ्यावर लिहून दाखविण्याचा आम्हांस छंद होता, आणि त्यातच आपण मोठी रसिकता शिकवीत आहोत असा आमचा समज होता. एके दिवशी एका विद्यार्थिनीने नम्रपणे विचारले, "सर, मला हे नॉर्स शब्द आजच कळले. पण शाळेत असताना ते पुस्तक वाचले तेव्हाही त्या रानाची मला भीती वाटली होती. ती कशामुळे?" या प्रश्नास त्या दिवशी आमच्याजवळ उत्तर नव्हते. प्रस्तुत लेख हे त्याला दिलेले उशिराचे उत्तर समजावे.

उत्तर असे की, टोल्कीन जुने नाव घेतो, पण ते नुसते आणून टांगत नाही. कथेच्या आत त्याला पुन्हा एकदा म्हातारे होऊ देतो. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये कळते की, हे अरण्य पूर्वी काळोखे नव्हतेच; त्याचे नाव हिरवे महावन असे होते. पुढे दक्षिणेकडून त्यावर एक छाया पसरली, आणि तेथे वावरणाऱ्या लोकांनीच त्याला नवे, भयाचे नाव दिले. युद्ध संपल्यावर त्याचे तिसऱ्यांदा नामकरण होते आणि ते हिरव्या पानांचे वन ठरते. म्हणजे नावाला दोन वंशावळी झाल्या: एक ग्रंथालयातली आणि एक कथेतली. त्या मुलीस पहिली ठाऊक नव्हती. दुसरी मात्र तिला नकळत कळली होती. कोणीतरी त्या रानाच्या काठी राहिले, भ्याले, आणि म्हणून त्यांनी ते नाव ठेवले, एवढे तिला जाणवले. आमच्या मते स्थलनामाचे मर्म हेच. नावाला रहिवासी लागतो.

रहिवाशांची ही खूण सर्वांत सुंदर उमटली आहे ती एका अगदी लहानशा गावात. 'ब्री' हे टेकडीलगतचे, चव्हाट्यावरचे, एका खाणावळीसाठी प्रसिद्ध असलेले गाव. 'ब्रे' हा इंग्रज लोक येण्यापूर्वीच्या ब्रिटनमधील केल्टिक भाषेचा शब्द, अर्थ टेकडी. बकिंगहॅमशायरात 'ब्रिल' नावाचे खरे गाव आहे. त्यात या 'ब्रे'ला 'हिल' हा इंग्रजी शब्द जोडलेला आहे, म्हणजे 'टेकडी-टेकडी'. वूस्टरशायरातील ब्रेडन हिल या नावात तर ही गोष्ट तीनदा घडली आहे: केल्टिक 'ब्रे', प्राचीन इंग्रजी 'दून', आणि आजचे 'हिल', तिन्हींचा अर्थ एकच. नवे लोक आले, त्यांनी जुन्यांना विचारले, 'हे काय?' ते म्हणाले, 'टेकडी'. नव्यांना वाटले हे तिचे नावच, आणि त्यांनी पुढे आपली टेकडी जोडली. व्याकरणाच्या दृष्टीने ही चूक. पण या चुकीत दोन लोकसमूहांची गाठ पडल्याचा पुरावा टिकून राहिला आहे. टोल्कीनने ब्रीच्या शेजारचे रान 'चेटवुड' म्हणून दाखविले आहे. त्यातही 'चेट' म्हणजे केल्टिक रान आणि 'वुड' म्हणजे इंग्रजी रान. ब्रीचे लोक आपणास त्या मुलुखाचे मूळचे रहिवासी म्हणवून घेतात, असे कथा सांगते. त्यांचे म्हणणे खरे आहे याची साक्ष कोणी पात्र देत नाही. ती गावाचे नाव देते.

प्रतिष्ठानाचे पैठण आणि करहाटकाचे कऱ्हाड झालेले पाहणाऱ्या मराठी वाचकास ही झीज समजावून सांगण्याची गरज नाही. शेकडो वर्षे शेकडो जिभांवरून फिरल्याशिवाय 'प्रतिष्ठान' हा शब्द 'पैठण' इतका गुळगुळीत होत नाही. लेखकाला हे काम एका रात्रीत करावयाचे असते. म्हणून तो ज्यांच्या जिभांनी ते पूर्वीच करून ठेवले आहे त्यांच्याकडे जातो. मध्ययुगाकडे जाण्याचे खरे कारण हे. विद्वत्तेचे प्रदर्शन हे कारण नव्हे.

रोहन या घोडेस्वारांच्या राज्यात हीच युक्ती वेगळ्या रीतीने योजिलेली आहे. त्यांच्या राजधानीचे नाव 'एडोरास' आणि राजमंदिराचे 'मेदुसेल्ड'. दोन्ही शब्द 'बेवुल्फ'मध्ये सापडतात. पहिला कुंपण किंवा आवार या अर्थाचा. राजा ह्रोथगार बेवुल्फला आठ घोडे देतो आणि ते सभागृहात आणले जातात त्या प्रसंगी तो येतो. दुसरा मधुपानाच्या सभागृहाचा साधा शब्द. घोडे ज्या शब्दाखालून आत आले तो शब्द टोल्कीनने घोडेस्वारांच्या राजधानीस दिला! आपल्या कथेतील हॉबिट आजची इंग्रजी बोलतात, तर रोहनचे लोक त्याच भाषेची जुनी बहीण बोलतात, असे तो मानतो. म्हणून त्यांच्या भाषेऐवजी तो प्राचीन इंग्रजी योजतो. हॉबिटांना ती बोली अर्धी ओळखीची, अर्धी परकी वाटते. 'ज्ञानेश्वरी' प्रथमच उघडणाऱ्या आजच्या मराठी मुलास जे वाटते, त्याहून हे फार वेगळे नाही.

'ऑर्थांक' या बुरुजाच्या नावात याहूनही खोल विचार आहे. प्राचीन इंग्रजीतील एका पद्यबद्ध वचनसंग्रहात दुरून दिसणाऱ्या दगडी नगरांचा उल्लेख आहे. रोमन लोक गेल्यावर मागे राहिलेली ती दगडी बांधकामे अशी असावीत असे समजले जाते. लाकडाच्या घरांत राहणारा कवी त्यांना 'एंत' म्हणजे महाकाय प्राण्यांची कुशल करणी म्हणतो. आणि या कौशल्यासाठी जो शब्द योजतो तो 'ऑर्थांक'. टोल्कीनने ही जोडी कथेत सजीव केली. आयझनगार्ड या लोखंडी आवारावर वृक्षरूपी 'एंट' चालून येतात, दगडी तट पावासारखा फोडतात. पण मधला ऑर्थांक मात्र त्यांच्यानेही फुटत नाही, कारण तो त्यांच्याहून निराळ्या, निघून गेलेल्या कारागिरांनी बांधलेला आहे. टॉम शिपी या टीकाकाराने 1982 च्या आपल्या ग्रंथात असे संबंध फार मार्मिकपणे उलगडले आहेत. आम्ही एवढेच जोडतो की, पडक्या भव्यतेपुढे उभ्या असलेल्या लहान माणसाचे जे आश्चर्य त्या जुन्या कवीच्या मनात होते, तेच येथे वाचकाच्या मनात उतरते. आणि ते उतरण्यासाठी त्याला मूळ पद्य ठाऊक असावे लागत नाही.

नावापासून कथा काढण्याची ही रीतही मध्ययुगीनच आहे. मनमथचा जेफ्री याने सुमारे 1136 साली ब्रिटनच्या राजांचा जो लॅटिन इतिहास लिहिला, त्यात लंडनचे नाव लुड राजावरून आणि लेस्टरचे लेअर राजावरून पडल्याचे सांगितले आहे. आजचे व्युत्पत्तिकार हे मानीत नाहीत. आपली स्थलमाहात्म्ये ज्यांनी वाचली आहेत त्यांना हा प्रकार नवा वाटणार नाही. परंतु लेस्टर नगराच्या नावाभोवती जमलेल्या त्या कथेतूनच शेवटी शेक्सपिअरचा 'किंग लिअर' निघाला, हे विसरून चालणार नाही. खोट्या व्युत्पत्तीतूनही खरे काव्य निपजते! टोल्कीनला या गोष्टीची गंमत पुरेपूर ठाऊक होती. 1949 च्या 'फार्मर जाइल्स ऑफ हॅम' या छोट्या कथेत त्याने ऑक्सफर्डजवळील टेम आणि वर्मिंगहॉल या खऱ्या गावांच्या नावांना अजगरासारख्या एका 'वर्म'ची मुद्दाम खोटी व्युत्पत्ती चिकटविली आहे, आणि प्रस्तावनेत आपल्यासारख्याच पंडितांची थट्टा केली आहे.

मात्र दुसऱ्यांनी आपल्या नावांची मुळे उकरलेली त्याला फारशी रुचत नसत. नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, म्हणतात. त्यात नावाचीही भर घालावी असे त्याचे मत दिसते. 1967 च्या एका पत्राच्या मसुद्यात तो म्हणतो त्याचा आशय असा: 'मोरिया' हे नाव एका नॉर्वेजियन परीकथेतील किल्ल्याच्या नावाचा सहज आलेला प्रतिध्वनी आहे, त्यावरून त्या कथेचा, किंवा बायबलातील तशाच नावाच्या भूमीचा, अर्थ येथे शोधू नये, कथेत त्या नावाचा जो अर्थ आहे तोच खरा. हे म्हणणे बव्हंशी आम्हांस मान्य आहे. तथापि सर्वत्र नाही. 'मॉर्डोर' याचा कथेतील एल्फ-भाषेतला अर्थ 'काळी भूमी'. पण प्राचीन इंग्रजीत 'मॉर्थोर' म्हणजे हत्या, घोर पातक. येथे आतली वंशावळ फिकी आहे आणि बाहेरची रक्ताने माखलेली. ग्रंथकाराने कितीही नको म्हटले तरी इंग्रजी कानास 'मर्डर' ऐकू यावयाचे राहत नाही, आणि नावाचे सारे बळ तेथून येते.

याच्या उलट टोल्कीनचा ऑक्सफर्डमधील मित्र सी. एस. लुईस याचे 'नार्निया' पाहा. इटलीतील नार्नी या गावाचे ते जुने लॅटिन नाव. नाव जुने आहे, गोड आहे. पण कथेत त्याला वय नाही. जगाच्या पहिल्याच दिवशी सृष्टी घडविणाऱ्या सिंहाच्या मुखातून ते पूर्ण तयार बाहेर पडते. निर्मात्याने दिलेले नाव आणि रहिवाशांनी दिलेले नाव यांतला हा भेद आहे. नाव नुसते प्राचीन असून भागत नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे.

परंतु ज्या कसोटीवर आम्ही टोल्कीनची एवढी प्रशंसा केली, तीच त्याच्या नकाशाच्या उजव्या आणि खालच्या कडांना लावली तर काय दिसते? पूर्वेकडील देशाचे नाव 'ऱ्हून', दक्षिणेकडील देशाचे 'हाराद'. एल्फ-भाषेत त्यांचे अर्थ अनुक्रमे 'पूर्व' आणि 'दक्षिण'. तेथील लोक म्हणजे 'पूर्वेकडचे' आणि 'दक्षिणेकडचे'. उंबारसारखा एखादा अपवाद सोडला तर त्या अफाट मुलखात एक गाव, एक नदी, एक टेकडी तेथल्या माणसांनी ठेवलेल्या नावाने आपल्याला भेटत नाही. ज्याने ब्रीसारख्या चार घरांच्या वस्तीला भाषेचे दोन थर दिले, त्याने अर्ध्या जगाला फक्त दिशा दिली! पुण्याचे 'पूना' होऊन परक्यांच्या नकाशावर छापलेले ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे खटकल्याशिवाय राहणार नाही. मध्ययुगीन युरोपाचे शब्द घेतले, त्याबरोबर त्याच्या नकाशाची दृष्टीही थोडीशी आली, असे आम्हांस वाटते.

न्यायासाठी एक गोष्ट सांगितली पाहिजे. कथेत एका चकमकीत हारादचा एक योद्धा मरून सॅम या साध्या हॉबिट माळ्याच्या पुढ्यात पडतो. त्याचे नाव काय असेल, तो कोठून आला असेल, तो खरोखर दुष्ट होता की कोणाच्या धाकाने वा थापेने घर सोडून आला, असे विचार सॅमच्या मनात येतात. आमच्या मते त्या सबंध ग्रंथातील हे एक अत्यंत थोर स्थळ आहे. माळ्याने तो प्रश्न विचारला. नावांच्या त्या महापंडिताला मात्र त्याचे उत्तर देता आले नाही, कारण त्या मृताच्या गावाला त्याने नावच ठेवले नव्हते.

असो. डच आणि स्वीडिश भाषांतरांतील नावांची दशा पाहून टोल्कीनने पुढे भाषांतरकारांसाठी नावांची एक मार्गदर्शिका तयार केली; ती त्याच्या मृत्यूनंतर, 1975 साली, प्रसिद्ध झाली. वाचकाच्या ओळखीच्या भाषेतली नावे अर्थाने उतरवावी, परकी नावे तशीच ठेवावी, असा तिचा सारांश. मिर्कवुडसाठी जुन्या, काव्यमय वळणाचा शब्द शोधावा असेही त्यात सुचविले आहे. मराठी भाषांतरकारास यात पुष्कळ घेण्यासारखे आहे. आणि स्वतंत्र मराठी अद्भुतकथा लिहू पाहणाऱ्या तरुणांस तर अधिकच. त्यांनी प्राचीन इंग्रजीकडे धावू नये. आपल्या ताम्रपटांत आणि शिलालेखांत गावांची, ओढ्यांची, शिवांची किती तरी झिजलेली नावे पडून आहेत. ती वाचावी, त्यांत माणसे कशी राहिली ते पाहावे, आणि मगच आपले कल्पित गाव वसवावे. मात्र वसविताना वेशीपलीकडच्या गावालाही त्याच्या लोकांनी ठेवलेले एक नाव असेल, याचा विसर पडू देऊ नये.